वेगाच्या शाळेतले दोन दिवस

ऑक्टोबर २०२३ मध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी माझा भाचा नोएडाहून नागपूरला आला होता. तिथे तो सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. स्वतःच्या कमाईतून त्याने सेकंडहँड पोलो गाडी घेतलेली, बाराशे सीसीची, टर्बो इंजिनची. हजार किलोमीटरच्या वर अंतर एकट्याने चालवत आला. चार दिवसांनी नाशिकच्या मित्राकडे जाऊन आला आणि रात्री जेवताना मोठ्या हौसेने सांगू लागला, "मामा, समृद्धीवरून गेलो. चार तासांत शिर्डी!"

मी पडलो कारकून माणूस. विमा कार्यालयाच्या मोटार दावे विभागात बावीस वर्षे काढलेली. आकडा कानावर पडला की भागाकार आपोआप होतो. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर. त्याला चाराने भागले की सरासरी १३०. त्या मार्गावर मोटारींना मर्यादा १२० ची. मध्ये कुठे चहाला थांबला असेल, टोलनाक्यावर वेग कमी केला असेल, म्हणजे गाडी कित्येक ठिकाणी दीडशेच्या पलीकडे गेली असलीच पाहिजे. मी ताटावरच हा हिशेब मांडला. भाचा हसला. माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची आई, हसली नाही. हात धुऊन आत निघून गेली.

तिच्या न हसण्याचे कारण आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. १९९९ साली भाऊजी रात्रपाळी करून स्कूटरवरून घरी येत असताना एका ट्रकने त्यांना उडविले. हा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी मी ट्रायब्युनलच्या पायऱ्या चढायला लागलो तो तिथूनच, आणि मोटार विम्याची कागदपत्रे वाचायलाही तिथेच शिकलो. ट्रकचालकाने जबाबात एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगितले होते : ब्रेक मारला, पण गाडी थांबली नाही. तेव्हापासून अशा शेकडो फाइली माझ्या टेबलावरून गेल्या आणि त्यांतल्या किती तरी फाइलींत हेच वाक्य होते. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि दर दहा मृत्यूंपैकी सातांमागे अतिवेग हे कारण नोंदले गेले. समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ ला बस पेटून २५ प्रवासी गेले, त्यालाही तेव्हा चारच महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी ताई मला म्हणाली, "पोट्टं माझं ऐकत नाही रे. तुझं ऐकते. काहीतरी कर." मी भाच्याला गच्चीवर घेऊन गेलो. उपदेश करणार होतो, पण त्यानेच आधी तोंड उघडले. "मामा, मला वेग आवडतो. खोटं कशाला बोलू? रस्त्यावर चालवायचं नाही, बरोबर. मग कुठे चालवू, ते तरी सांगा." या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मग त्यानेच फोनमध्ये एक जाहिरात दाखविली. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर सामान्य माणसाला आपली स्वतःची गाडी घेऊन जाता येते, दोन दिवस शिक्षक शिकवतात, हेल्मेट घालून गाडी चालवायची. याला 'ट्रॅक डे' म्हणतात. फी त्याच्या महिनाभराच्या घरभाड्याएवढी होती. मी म्हणालो, "जा. पण मी सोबत येणार." बिचाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला!

हे सर्किट म्हणजे काय, ते वाचकांना थोडे सांगितले पाहिजे. उत्तर प्रदेशात मायावती मुख्यमंत्री असताना १९९७ साली गौतम बुद्ध नगर हा जिल्हा झाला. नोएडा, ग्रेटर नोएडा त्यातच येतात. सर्किटचे नाव तिथूनच आले. हर्मान टिल्के या जर्मन वास्तुविशारदाने त्याची आखणी केली. पाच किलोमीटर १२५ मीटरचा एक फेरा, त्यात सोळा वळणे, आणि तिसऱ्या व चौथ्या वळणांच्या मध्ये एक किलोमीटरहून जास्त लांबीचा सरळ पट्टा. ३० ऑक्टोबर २०११ रोजी इथे फॉर्म्युला वनची पहिली भारतीय शर्यत झाली. २०११, २०१२ आणि २०१३ या तिन्ही वर्षी सेबास्टियन वेटेल हाच जर्मन चालक जिंकला. आपला नारायण कार्तिकेयन पहिल्या वर्षी सतरावा आला होता. त्यानंतर करांच्या भांडणात ती शर्यत बंद पडली. पुढे २०२३ च्या सप्टेंबरात मोटरसायकलींची मोटोजीपी शर्यत इथे झाली.

ज्याने मध्यम मार्ग सांगितला त्याचे नाव ताशी तीनशे किलोमीटरच्या रस्त्याला, ही गंमत माझ्या मनातून जात नव्हती. आणखी एक गोष्टही मनातून जात नव्हती. ज्या यमुना एक्सप्रेसवेच्या पट्ट्यात हे सर्किट आहे, त्याच पट्ट्यात भट्टा-परसौल गावी मे २०११ मध्ये जमिनीच्या मोबदल्यावरून शेतकरी आणि पोलीस समोरासमोर आले आणि दोन्हीकडची माणसे मेली. तो रस्ता इतका गुळगुळीत का आहे, हे पाहताना तेवढे आठवले, म्हणून लिहिले.

फेब्रुवारी २०२४ मधल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही गेटवर होतो. धुके असे की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत. गॅरेजसमोर गाड्या लागलेल्या. पोर्श, बीएमडब्ल्यू, आमच्या दोन मजली घराच्या किमतीच्या. पण माझ्या समजुतीच्या उलट, तशा गाड्या थोड्याच होत्या. उरलेल्या म्हणजे स्विफ्ट, पोलो, जुन्या होंडा सिटी. एका पोराने तर वडिलांची गाडी आणलेली, आणि वडील ती घासूनपुसून परत मिळेल ना या काळजीत शेजारीच उभे. त्यांची माझी लगेच ओळख झाली, हे सांगायला नको.

आधी कागद. जबाबदारीमुक्तीचा चार पानी बाँड मी पूर्ण वाचला. रांगेतले लोक मागे कुरकुरत होते. सही करण्यापूर्वी वाचणारा तिथे बहुधा मी एकटाच. त्याचा अर्थ सरळ होता : इथे जे काही होईल ते तुमच्या जोखमीवर. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीतही 'वापराच्या मर्यादा' नावाचे एक कलम असते आणि त्यात शर्यत, वेगचाचणी वगळलेली असते. म्हणजे गाडी भिंतीवर आदळली तर विमा कंपनी एक पैसाही देणार नाही. हे मी भाच्याला घरीच सांगितले होते. तरी तो आला, कारण जो धोका तो रस्त्यावर दुसऱ्यांच्या जिवावर घेत होता तो इथे स्वतःच्या खिशावर येणार होता. मला हा सौदा पटला होता.

दुसरा कागद गाडीचा. टायर कधी घेतले, ब्रेक पॅड किती उरले, ब्रेक ऑइल कधी बदलले. भाचा भराभर लिहीत गेला. मी चष्मा काढून ठेवला होता, त्यामुळे तो काय लिहितो ते पाहिले नाही. याचा पुढे पश्चात्ताप झाला.

मग गाडी रिकामी करायची. जॅक, स्टेपनी, पायपुसणी, पाण्याच्या बाटल्या, सारे बाहेर. तपासनीसाने डॅशबोर्डवरची लहानशी बुद्धमूर्तीही काढायला लावली. जोराचा ब्रेक लागला की सुटी वस्तू दगडासारखी येते, असे तो म्हणाला. मी ती मूर्ती रुमालात गुंडाळून माझ्या खिशात ठेवली. त्याने चाकांचे नट पान्ह्याने तपासले, ब्रेक ऑइलची पातळी पाहिली, टायरमधली हवा थोडी कमी करायला सांगितली, कारण टायर तापले की आतला दाब आपोआप चढतो.

धुके दहा वाजेपर्यंत हटले नाही, आणि तोवर एकही चाक सर्किटवर गेले नाही. ज्या देशात धुक्यात बस हाकल्या जातात त्याच देशात हे पाहत होतो. तो वेळ वर्गात गेला. शिक्षक पन्नाशीचे, बारीक अंगाचे, आवाज अगदी मऊ. पहिले वाक्यच असे : ही शर्यत नाही, इथे कोणाला बक्षीस नाही, घड्याळ लावताना दिसलात तर घरी पाठवीन. मग झेंडे शिकविले. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा, कोणाला ओलांडू नका. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, तेल सांडले असेल. निळा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा वेगवान गाडी आहे, तिला वाट द्या. काळा तुमच्याकडे रोखला तर मुकाट्याने आत या. लाल म्हणजे सारे थांबले, सावकाश परत फिरा. ओलांडायचे ते फक्त सरळ पट्ट्यावर, आणि तेही पुढच्याने हाताने खूण केली तरच. निळ्या झेंड्याचे ऐकून मला हसू आले. आपल्या रस्त्यावर मागच्याला वाट देणे म्हणजे नाक कापले गेल्यासारखे वाटते. इथे तो नियम होता.

वळण कसे घ्यायचे, हेही फळ्यावर काढून दाखविले. वळणाच्या बाहेरच्या कडेने यायचे, आतल्या कडेला स्पर्श करायचा, पुन्हा बाहेरच्या कडेकडे सुटायचे. असे केले की वाकडा रस्ता थोडा सरळ होतो, आणि वर्तुळ जितके मोठे तितका टायरवर ताण कमी. ब्रेक लावायचा तो चाके सरळ असतानाच. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा, ते म्हणाले, सगळी ब्रेकवर उडविलीत तर वळायला काही उरत नाही. हे मला फार आवडले. महिन्याच्या पंचवीस तारखेचा अनुभव आपल्या सर्वांना आहे.

दुपारी गाड्या सर्किटवर गेल्या, पुढे शिक्षकांची गाडी आणि मागे रांग. मी गॅरेजवरच्या गच्चीत उभा. समोरचा पट्टा तेवढा दिसतो, बाकीचे सर्किट चढ-उतारामागे लपलेले. गाडी समोरून जायची आणि अडीच मिनिटांनी परत उगवायची. भाच्याच्या शेजारी शिक्षक बसले होते. वीस मिनिटांनी तो उतरला तेव्हा कान लाल झाले होते. "मामा, ते म्हणतात मी ब्रेक घाबरून मारतो, स्टिअरिंग भांडल्यासारखं फिरवतो आणि नजर बोनेटच्या पुढे जातच नाही." दहा वर्षे गाडी चालविणारा मुलगा! दीडशेच्या वेगाने शिर्डी गाठणारा!

त्याच्या गटात एक चाळिशीच्या बाई होत्या. जुनी स्विफ्ट, साधे इंजिन. सरळ पट्ट्यावर भाच्याची गाडी त्यांच्यापुढे जायची आणि दोन-तीन वळणांत त्या पुन्हा त्याच्या मागे येऊन चिकटायच्या. निळा झेंडा भाच्यालाच दिसायचा. चहाच्या वेळी मी त्यांना विचारले की तुमचे गुपित काय. त्या म्हणाल्या, गुपित काही नाही, रोज सकाळी मुलांना शाळेत सोडताना मांडीवर डबे असतात, आमटी सांडू द्यायची नाही एवढेच डोक्यात असते. भाच्याने हे ऐकले आणि त्याचा चहा ठसक्यात गेला. त्या संध्याकाळी खोलीवर त्याने जेवताना एकही फुशारकीचे वाक्य उच्चारले नाही. वहीत सोळा वळणांचा नकाशा काढीत बसला होता. शाळेत असतानाही मी त्याला इतका अभ्यास करताना पाहिले नव्हते.

रविवारी ऊन लवकर पडले. पहिली फेरी चांगली झाली. शिक्षक उतरताना म्हणाले, आता एकटा जाऊ शकतोस, पण चार फेरे झाले की एक फेरा अगदी हळू मार, गाडीला श्वास घेऊ दे.

हे श्वास घेणे म्हणजे काय, ते गृहिणींना चटकन कळेल. लांब पट्ट्याच्या शेवटी भाच्याच्या गाडीचा वेग १६० च्या पुढे जात होता आणि चौथ्या वळणासाठी तो साधारण ६५ वर आणावा लागे. गाडी आणि माणूस मिळून वजन सुमारे बाराशे किलो. तो वेग कुठे जातो? त्याची उष्णता होते, आणि ती सगळी ब्रेकच्या चकत्यांत शिरते. मी हिशेब केला. चार-पाच सेकंदांत निघणाऱ्या त्या उष्णतेत तीन लिटर थंड पाणी उकळी येईपर्यंत तापेल. घरच्या गॅसवर तेवढ्यालाच किती वेळ लागतो ते पाहा. आणि हे एका वळणाचे झाले, फेऱ्यात वळणे सोळा. शिवाय वेग दुप्पट झाला की ही उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. साठच्या वेगाला थांबणारी गाडी एकशेवीसला 'थोडी जास्त' जागा घेईल असे जे आपल्याला वाटते, त्या 'थोडी'त माझ्या कितीतरी फाइली आहेत.

दुसऱ्या फेरीत मी गच्चीत मनगटावरचे घड्याळ पाहत होतो. गाडी समोरून गेली, पाचव्यांदा. थांबायचे सांगितलेले चार फेरे होऊन गेले होते. सहाव्यांदा गेली. मग अडीच मिनिटे झाली. स्विफ्टवाल्या बाई गेल्या. एक होंडा गेली. तीन मिनिटे झाली. तेवढ्यात समोरच्या मार्शलने लाल झेंडा काढला आणि हलवायला लागला. खाली रुग्णवाहिकेचे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

त्या वेळचे मी फार लिहिणार नाही. माझा हात खिशात त्या रुमालावर होता. १९९९ साली रात्री दीड वाजता दार वाजले तेव्हा ताईने दार उघडण्यापूर्वी क्षणभर थांबून माझ्याकडे पाहिले होते, ते आठवत होते. आणि मनात हिशेब चालला होता की तिला फोन कोणत्या शब्दांनी सुरू करायचा. इतकी वर्षे लोकांना मी काउंटरवरून म्हणत आलो, "कागदपत्रे पूर्ण करा, मग बघू."

सात-आठ मिनिटांनी एका जीपच्या मागे पोलो आली, हळूहळू, स्वतःच्या चाकांवर. भाचा उतरला. ओठ पांढरे. धक्का कुठे लागला नव्हता. चौथ्या वळणापाशी त्याने पाय दाबला तर पेडल उशीसारखे मऊ होऊन थेट खाली टेकले. त्याने पेडल पुन्हा पुन्हा मारले, गिअर उतरविले, आणि वर्गात शिकविल्याप्रमाणे वळायचा प्रयत्न न करता गाडी सरळ जाऊ दिली. वळणाबाहेर अशा चुकांसाठी मोकळी जागा राखलेली असते. टायरची भिंत यायच्या आत गाडी थांबली. "मामा," तो म्हणाला, "ब्रेक मारला पण गाडी थांबली नाही." हे वाक्य तो माझ्यासमोर उच्चारत होता. त्याला त्या जबाबातले शब्द माहीत नाहीत. मी त्याला कधी सांगितलेले नव्हते.

शिक्षकांनी रागावून काही म्हटले नाही. फक्त विचारले, "ब्रेक ऑइल कब बदला था?" भाचा गप्प. मग त्यांनी फॉर्म काढला. त्यावर दोन महिन्यांपूर्वीची तारीख होती. "मामा, ती मी अंदाजाने लिहिली. गाडी घेतल्यापासून बदललंच नाही. आधीच्या मालकाने कधी बदललं ते ठाऊक नाही." नवे टायर त्याने घेतले होते, हेल्मेट महागाचे घेतले होते. हजार रुपयांच्या आतले हे तेल राहून गेले होते. तपासनीसाने पातळी पाहिली होती, पण पातळीवरून तेलाचे वय कळत नाही. त्याच्यासाठी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.

मला वेगाचा राग आला नाही, त्या तारखेचा आला. बावीस वर्षांत मी खोट्या तारखा पुष्कळ पाहिल्या आहेत. लायसन्सच्या, फिटनेसच्या, अपघाताच्या वेळेच्या. प्रत्येक वेळी ती लिहिणाऱ्याला वाटलेले असते की एवढ्याने काय होते. मी त्याला सगळ्यांसमोर बोललो, जरा मोठ्याने बोललो. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा मान खाली घालून ऐकत होता. नंतर वाईट वाटले, पण शब्द मागे घेतले नाहीत.

तेलाचे शास्त्र तिथल्या मेकॅनिकने समजावले. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, मिठाच्या बरणीचे झाकण सैल राहिले तर मीठ पाणावते तसे. डॉट-४ जातीचे ताजे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरलेल्या तेलाची हमी १५५ अंशांपर्यंतच. एकदा ते नळीत उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते, आणि पायाचा सारा जोर बुडबुड्यांतच जिरतो. गावातल्या रस्त्यावर हे कळतही नाही. घाट उतरताना कळते, गाडी भरलेली असताना कळते. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलावे. जुने तेल त्याने बाटलीत काढून दाखविले, काळ्या चहासारखे होते. ताजे मधासारखे पिवळसर, आरपार दिसणारे.

चकत्या निवायला तास-दीड तास गेला. गाडी उभी असताना हँडब्रेकही ओढू देत नव्हते, तापलेले पॅड चकतीला चिकटतात म्हणून. चाकाखाली विटा लावून ठेवल्या. मेकॅनिकने नवे तेल भरले, चारही चाकांची हवा काढली. भाच्याने फॉर्मवरची तारीख खोडून खरी लिहिली आणि बाजूला सही केली. मी सांगितले नव्हते.

शेवटच्या फेरीला शिक्षकांनी विचारले, मामाजी बसणार का. वेगळा बाँड भरून, हेल्मेट घालून मी बसलो. माझ्या मोठ्या डोक्याला बसेल असे हेल्मेट मिळायला वेळ लागला तो सोडा. आयुष्यात मी इतक्या वेगाने गेलो नव्हतो, आणि खरे सांगायचे तर दुसऱ्या फेऱ्यानंतर मला भीती वाटली नाही. तिसरे वळण चढावर आहे, तिथून सुटले की रस्ता पुढे उतरतो आणि पोटात रहाटपाळण्यात होते तसे होते. चौथ्या वळणाआधी भाच्याने पूर्वीपेक्षा कितीतरी अलीकडे ब्रेक लावला. त्याचा घसा हलला, तो मी पाहिला. पेडल टणक होते. पुढे दहाव्या-अकराव्या वळणाला रस्ता परातीसारखा, बाहेरची कड उचललेली, आणि गाडी उजवीकडे वळतच राहते. तिथे त्याचे हात इतके सावकाश फिरत होते की मला डब्यातली आमटी आठवली. मागून निळा झेंडा आला. त्याने खिडकीतून हात काढला, बाईंच्या स्विफ्टला वाट दिली. चार फेरे झाल्यावर एक फेरा अगदी हळू. रस्त्याच्या कडेला साचलेली धूळ तेव्हा दिसली, आणि झेंडे घेऊन उन्हात दिवसभर उभी असलेली मुलेही. ती हात हलवत होती. आम्हीही हलवला.

या छंदाला पैसा लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही. दोन दिवसांत पेट्रोलच एवढे जळले की नागपूरहून मी तीनदा येऊन गेलो असतो. टायरचे कोपरे झिजले ते वेगळेच. दर महिन्याला हे परवडणारे नाही, आणि ज्यांच्या घरी दोन वेळची काळजी आहे त्यांना मी हे सुचवणारही नाही. पण रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो झाला तरी पुष्कळदा माणूस गेल्यावर होतो. मुलाला वेगाची ओढ असेल तर नुसते ओरडून ती जात नाही, हे मी माझ्या घरात पाहिले. एकदा शिक्षकाच्या हाताखाली दिलेले बरे. कोइम्बतूरला, चेन्नईजवळही अशी सर्किटे आहेत.

संध्याकाळी परतताना एक्सप्रेसवेवर भाचा सत्तरने डाव्या लेनमधून चालवत होता. मूर्ती मी पुन्हा डॅशबोर्डवर ठेवायला काढली. तो म्हणाला, "राहू द्या मामा, आधी चिकटवायला काहीतरी आणतो." एक मोठी गाडी मागून दिवे मारत आली. त्याने तिला जाऊ दिले.

ताईला फोन त्यानेच लावला. मी वाटेत ठरवून टाकले होते की लाल झेंड्याचे काही बोलायचे नाही. त्याने सगळे सांगितले. तेल, तारीख, मऊ पेडल, माझे ओरडणेसुद्धा. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ताईने विचारले, "ते तेल केवढ्याचं येते?" त्याने सांगितले. "अन् मामाच्या मोटरसायकलला लागते का?"

माझ्या मोटरसायकलला पुढे डिस्क ब्रेक आहे. गाडी घेऊन सहा वर्षे झाली. मी आठवून पाहिले, काही आठवेना. मंगळवारी नागपूरला उतरलो तो तसाच ऑफिसला जाण्याआधी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गाडी घेऊन गेलो. त्याने झाकण उघडले, आत बोट बुडवून मला दाखविले. काळा चहा.